कॅथलॅबमधली नोकरी, रेडिएशन आणि पुढची तीस वर्षं

शरयू_गंगापूररोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी भाची रेडिओलॉजी टेक्निशियनचा कोर्स करून नाशिकमध्येच एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये लागली आहे. तिथे अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची एक्स-रेने तपासणी, चालू असताना आत उभं राहायचं काम. पोरगी हुशार आहे, कामावर जीव आहे तिचा. गेल्या महिन्यात सिन्नरकडचं एक स्थळ आलं होतं. सगळं जुळत आलं आणि शेवटी मुलाच्या आईने माझ्या ताईला फोन करून सांगितलं, "मुलगी आवडली हो, पण ती रेडिएशनमध्ये काम करते. उद्या मूल व्यंगाचं झालं तर?"

ताई तेव्हापासून नोकरी सोड म्हणून मागे लागली आहे. भाची म्हणते काही होत नाही. मला दोघींपैकी कोणाचंच पटत नाही. रोज थोडं थोडं रेडिएशन मिळत राहिलं तर वीस-तीस वर्षांनी काय होतं? कॅन्सरचा धोका किती वाढतो? आणि होणाऱ्या मुलांचं काय? इथे या क्षेत्रातले लोक आहेत हे माहीत आहे. मनापासून लिहा, धीर देण्यापुरतं लिहू नका.

द्राक्षमळा

चांगला विषय. ताई, ते स्थळ गेलं तेच बरं झालं. बाकी जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

सीआर्म_दादा

शरयूताई, मी याच धंद्यात केस पांढरे केले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, एक्स-रे मशीनचं बटण सोडलं की रेडिएशन संपलं. खोलीतला दिवा मालवल्यावर उजेड साठून राहत नाही, तसंच. तुमची भाची घरी येते तेव्हा तिच्या अंगात, कपड्यात काहीही नसतं. तिच्या शेजारी बसणाऱ्याला, तिच्या हातचं जेवणाऱ्याला काडीचाही धोका नाही.

दुसरी गोष्ट, मशीन चालू असताना तिला जे मिळतं ते बहुतेक पेशंटच्या अंगावर आपटून विखुरलेलं रेडिएशन असतं. आम्ही त्याला स्कॅटर म्हणतो. एक्स-रे सोडणारी ट्यूब टेबलाखाली असते, त्यामुळे टेबलाच्या खालच्या बाजूला आणि ट्यूबच्या अंगाला स्कॅटर जास्त. पेशंटपासून एक मीटरवर उभी असेल आणि एक पाऊल मागे सरून दोन मीटरवर गेली, तर डोस साधारण पावपट होतो. हे एक पाऊल फुकटचं आहे, पण फार कामाचं आहे.

आता मी विचारतो त्याची उत्तरं भाचीकडून घ्या. तिला स्वतःच्या नावाचा टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं त्याची नोंद ठेवणारा) मिळाला आहे का? तो ती अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर लावते का? दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो का, आणि रिपोर्ट तिला दाखवतात का? लेड अ‍ॅप्रन अर्धा मिलिमीटरचा आहे का? गळ्याला थायरॉइड कॉलर आहे का? छताला लटकणारी काच ओढून घेतात की ती कोपऱ्यात धूळ खाते?

कामगारांसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसाचं माप, हजार मिलिसिव्हर्ट म्हणजे एक सिव्हर्ट), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट काम करणाऱ्या साध्या एक्स-रे विभागात बहुतेकांचा वर्षभरात १ सुद्धा भरत नाही. कॅथलॅबमध्ये जास्त भरतो, म्हणून तिथे शिस्त जास्त हवी.

पंचवटीकर

दादा, कागदावर सगळं छान आहे. माझा धाकटा भाऊ एका छोट्या हॉस्पिटलात सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी वापरायच्या फिरत्या एक्स-रे मशीनवर, होता (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही). तिथे सगळ्यांचे बॅज एका ड्रॉवरमध्ये ठेवलेले असायचे. तपासायची वेळ आली की काढून पाठवायचे. रिपोर्ट अर्थातच शून्य! मालक खूश, इन्स्पेक्टर खूश. भावाच्या अंगावर नेमकं किती गेलं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि हे एकट्या हॉस्पिटलचं नाही. २०१२ च्या कॅगच्या अहवालात आलं होतं की देशातल्या ५७,४४३ एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ नोंदणीशिवाय चालू होती. म्हणजे ९१ टक्के.

सीआर्म_दादा

@पंचवटीकर, अगदी खरं आहे. त्या अहवालानंतर परवाने ऑनलाइन झाले, मशीन विकणाऱ्यावरही बंधनं आली, फरक पडला आहे. पण ड्रॉवरमधला बॅज मीही पाहिला आहे. मला त्याची सगळ्यात जास्त चीड येते. बॅज काही रेडिएशन अडवत नाही, तो नुसती नोंद ठेवतो. पण वीस वर्षांनी काही झालं तर त्या माणसाकडे दाखवायला तेवढीच नोंद असते. प्रत्येकाला एक कायमचा नंबर असतो. नोकरी बदलली तरी तोच नंबर सांगायचा, म्हणजे आयुष्यभराचा डोस एका जागी जमा होतो. नवीन पोरांना हे कोणी सांगतच नाही.

भौतिकवेडी

मी निवृत्त प्राध्यापिका, भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळ प्रश्न "वीस-तीस वर्षांनी काय" हा आहे. त्याबद्दल माणसाला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं हिरोशिमा आणि नागासाकीमध्ये वाचलेल्या लोकांकडून कळलं आहे. त्यांचा अभ्यास १९५० पासून आजतागायत चालू आहे. आधी रक्ताचा कॅन्सर दिसला. दोन-तीन वर्षांत सुरू झाला, सहा ते आठ वर्षांनी कळसाला पोचला आणि मग ओसरत गेला. फुप्फुस, स्तन, जठर, आतडी यांच्या गाठींचे कॅन्सर मात्र दहा वर्षांनंतर दिसू लागले आणि तो वाढीव धोका त्या लोकांची आयुष्यभर पाठ सोडत नाही. लहान वयात सापडलेल्यांना तो जास्त, आणि एकूणात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त.

पण आकडा ऐकल्यावर माझे विद्यार्थी नेहमी चकित व्हायचे. ज्यांचा डोस काढता आला असे सुमारे ८६,००० लोक. २००३ पर्यंत त्यांच्यातले जवळपास ११,००० गाठींच्या कॅन्सरने गेले. त्यातले रेडिएशनमुळे वाढलेले म्हणता येतील असे सुमारे ५००. बाकीच्यांना तो आजार एरवीही झालाच असता. आणि त्या ५०० पैकी अमुक एक माणूस कोणता, हे कुठल्याही तपासणीतून कळत नाही. रेडिएशनमुळे झालेला कॅन्सर इतर कॅन्सरपेक्षा वेगळा दिसत नाही.

आता सिन्नरच्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. वाचलेल्यांना पुढे जी मुलं झाली, त्यातल्या सुमारे ७७,००० मुलांचा पाठपुरावा झाला. जन्मजात व्यंग किंवा कॅन्सर आईवडिलांच्या डोसामुळे वाढल्याचं त्यांच्यात दिसलं नाही. उंदरांत आणि फळमाश्यांत पुढच्या पिढीवर परिणाम दिसतो, म्हणून शास्त्रज्ञ धोका शून्य आहे असं म्हणत नाहीत. पण अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या मुलांतही जे दिसलं नाही, त्याच्या भीतीने कॅथलॅबमधल्या मुलीला नाकारणं हा धडधडीत अन्याय आहे.

द्राक्षमळा

भौतिकवेडी ताई, तुमचा हा प्रतिसाद छापून त्या सिन्नरच्या घरी पाठवायला हवा!

निफाडचा_कांदा

थोडं अवांतर, पण आमच्या भागातला विषय आहे म्हणून विचारतो. लासलगावला कांद्याला रेडिएशन देतात ना? 'कृषक' म्हणतात त्या केंद्राला. आमच्या गावात अजून लोक म्हणतात की तो कांदा खाऊन कॅन्सर होतो. त्या रस्त्याने जाताना आमची आजी नाकाला पदर लावते. ट्रॅक्टरचा धूर मात्र तिला चालतो.

भौतिकवेडी

@निफाडचा_कांदा, आजींना माझा नमस्कार सांगा. ते केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं, २००२ पासून चालू आहे. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यातून जातात. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे डोस देतात (ग्रे हे शोषलेल्या रेडिएशनचं माप, एक्स-रे आणि गॅमा किरणांसाठी एक ग्रे म्हणजे साधारण एक सिव्हर्ट). त्याने कोंबाच्या पेशी मरतात, बाकी कांदा तसाच राहतो. या किरणांमध्ये कांद्याचे अणू किरणोत्सारी करण्याएवढी ऊर्जा नसते, त्यामुळे तो कांदा खाणाऱ्याला रेडिएशनचा डोस मिळतच नाही. २००७ पासून अमेरिकेला हापूस आणि केशर जाऊ लागला तो याच केंद्रातून. आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात, कारण तिथे कोयकिडा आणि फळमाशी रोखायची असते.

म्हणून तो स्रोत निरुपद्रवी असं मात्र समजू नका. माणसाच्या सगळ्या अंगाला एकदम ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. जाड काँक्रीटच्या भिंती आणि आत माणूस असताना स्रोत वर येऊच नये म्हणून केलेले बंदोबस्त त्यासाठी आहेत.

भंगारबाजार_नाशिक

स्रोतावरून आठवलं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झालं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं. विद्यापीठातलं जुनं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. एक कामगार गेला, बाकीच्यांना जखमा झाल्या, अंगावर काळे डाग पडले. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातून सीझियमचं यंत्र असंच निघालं. आतली भुकटी अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी घरी नेली, पोरांनी अंगाला चोळली. चार जण गेले.

अंबड-सातपूरकडून रोज लोखंड येतं माझ्याकडे. पिवळ्यावर तीन पाकळ्यांचं रेडिएशनचं चिन्ह दिसलं की हात लावायचा नाही, सगळ्यांना लांब करायचं आणि पोलिसांना कळवायचं. कामगारांना चिन्हाचा फोटो दाखवून ठेवला आहे, भिंतीवरही लावला आहे.

सातपूरकर

@भंगारबाजार, फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे वेल्डिंग तपासायला किरणोत्सारी इरिडियमचा कॅमेरा घेऊन माणसं येतात, बहुतेक रात्री. दोरी बांधून बोर्ड लावतात. आमचे काही कामगार शॉर्टकट म्हणून दोरीखालून जायचे. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

अभि_इंदिरानगर

मग मोबाइल टॉवरचं काय? आमच्या सोसायटीत त्यावरून दोन गट पडले आहेत.

भौतिकवेडी

@अभि, टॉवरच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतक्या ताकदीच्या नसतात. एक्स-रे आणि गॅमा किरण नेमकं तेच करतात आणि त्यातून डीएनए तुटतो. त्यामुळे हा धागा टॉवरचा नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्येही हे रेडिएशन नसतं.

तर्कट

मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. "जितका डोस तितका धोका, अगदी शून्यापर्यंत" हे गृहीतक आहे. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या थोरियममुळे नैसर्गिक रेडिएशन इतर ठिकाणांच्या कितीतरी पट आहे. तिथल्या सुमारे ७०,००० लोकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅन्सर वाढलेला दिसला नाही. शरीराकडे डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली उगाच घबराट पसरवण्यात अर्थ नाही.

भौतिकवेडी

@तर्कट, केरळचा अभ्यास मोलाचा आहे, मीही वर्गात सांगायचे. पण दुसरी बाजूही पाहा. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या ३ लाखांहून जास्त अणुकामगारांचा अभ्यास आहे. हे सगळे बॅज लावणारे लोक, वर्षानुवर्षं थोडा थोडा डोस घेतलेले. २०२३ च्या निष्कर्षात गाठींच्या कॅन्सरचे मृत्यू डोसाबरोबर वाढताना दिसले, दर ग्रेमागे सुमारे ५२ टक्के. म्हणजे डोस हळूहळू मिळाला म्हणून धोका नाहीसा होतो असं म्हणता येत नाही. शरयूताईंच्या भाचीची वर्षाची सरासरी मर्यादा ०.०२ सिव्हर्ट आहे हे लक्षात घेतलं तर वाढ छोटी आहे. छोटी आहे, पण आहे.

संरक्षणासाठी वापरतात तो ढोबळ हिशेब एका सिव्हर्टला प्राणघातक कॅन्सरचा धोका ५ टक्के असा आहे. पोटाच्या सीटी स्कॅनचा डोस ८ ते १० मिलिसिव्हर्ट धरला, तर साधारण २,००० जणांत एखाद्याला त्यामुळे पुढे प्राणघातक कॅन्सर. आपल्या देशात एरवीच नऊ जणांत एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होण्याची शक्यता असते. निर्णय घेताना दोन्ही आकडे डोळ्यांसमोर हवेत.

तर्कट

अणुकामगारांच्या अभ्यासात सिगारेटचा हिशेब पूर्ण धरलेला नाही.

भौतिकवेडी

फुप्फुसाचे कॅन्सर वगळूनही वाढ टिकली. ते त्यांनी तपासलं आहे.

तर्कट

ठीक. तेवढा भाग पुन्हा वाचतो. केरळचा मुद्दा मात्र सोडत नाही.

चिऊची_आई

सीटीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी लेक सायकलवरून पडली, डोक्याला टेंगूळ आलं. सासूबाई, शेजारी, सगळे म्हणाले लगेच सीटी करा. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासलं. उलटी नाही, बेशुद्धी नाही, खेळतेय. त्या म्हणाल्या, चार-सहा तास इथेच बसा, मी बघत राहते, काही बदललं तर लगेच सीटी करू. काही बदललं नाही. त्या दिवशी घरचे त्यांच्यावर नाराज झाले, "साधा फोटोसुद्धा काढला नाही" म्हणाले. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

नंतर वाचलं की युरोपात लहानपणी सीटी झालेल्या जवळपास साडेनऊ लाख मुलांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. दर १०,००० मुलांमागे एक-दोघांना पुढच्या बारा वर्षांत त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होतो असा त्यांचा अंदाज आहे. डोक्यात रक्तस्राव असेल तर एक मिनिट विचार न करता सीटी करावा. पण "मनाची शांती" म्हणून लेकराचा सीटी मी करणार नाही.

डॉक्टरीण_द्वारका

@चिऊची आई, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार. आमच्याकडे नातेवाईक भांडतात ते "सीटी का नाही केला" म्हणून. "का केला" असं क्वचितच कोणी विचारतं.

शरयूताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. भाचीच्या बाबतीत गर्भारपण सुरू होण्याआधीचं आणि नंतरचं वेगळं धरा. आधीच्या नोकरीमुळे मूल व्यंगाचं होतं याला आधार नाही, ते वर सविस्तर आलंच आहे. गर्भ राहिल्यावर मात्र काळजी वेगळी घ्यावी लागते. हिरोशिमा-नागासाकीत ज्या बायका तेव्हा गरोदर होत्या, त्यांच्यात आठ ते पंधरा आठवड्यांच्या गर्भाला मोठा डोस मिळाल्यावर मतिमंदत्व आलं. कॅथलॅबमधले डोस त्याच्या जवळपासही जात नाहीत. तरी गर्भाला कॅन्सरचा छोटा धोकासुद्धा कशाला? म्हणून नियम असा की पाळी चुकून गर्भारपण कळलं की लगेच विभागप्रमुखाला सांगायचं. तिथून पुढे बाळंतपणापर्यंत गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. मुली सांगायला घाबरतात, नोकरी जाईल म्हणून. कळवल्यावर काम बदलून मिळणं हा त्यांचा हक्क आहे, उपकार नाही.

आणि डोळे! कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसमध्ये डोळ्याच्या भिंगाच्या मागच्या बाजूला ढगाळपणा इतरांपेक्षा जास्त आढळला आहे. २०११ मध्ये रेडिएशनपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्यांची मर्यादा वर्षाला १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली, ती अशाच पुराव्यांमुळे. लेडचा चष्मा जड लागतो म्हणून काढून ठेवतात. तो लावायचाच.

सीआर्म_दादा

चष्म्याबद्दल शंभर टक्के सहमत. आणि अ‍ॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका. आतलं लेड चिरतं आणि बाहेरून दिसत नाही. हँगरला टांगायचा आणि अधूनमधून मशीनखाली धरून भेगा बघायच्या.

रामकुंड_६२

इतके दिवस नुसता वाचत होतो. माझ्या पत्नीला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशननंतर शेक (रेडिएशनचे उपचार) घेतले. बरी आहे. पण डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाकडे लक्ष ठेवा, बीपी-कोलेस्टेरॉल सांभाळा. हा धागा वाचून धास्ती वाटली. शेक घेऊन चूक झाली का?

डॉक्टरीण_द्वारका

काका, अजिबात नाही. त्या शेकांमुळे आजार परत येण्याची शक्यता बरीच कमी झाली. डाव्या बाजूला शेक देताना हृदयाला थोडा डोस जातो, आणि हृदयाला मिळालेल्या प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, हे २०१३ पासून नीट माहीत आहे. म्हणून आता अनेक ठिकाणी श्वास रोखून धरायला सांगून हृदय बाजूला सारतात. काकूंच्या डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी योग्य आहे. तपासण्या चुकवू नका, रोज चाला, तंबाखूचा वारा लागू देऊ नका. आणि काकूंजवळ नातवंडांना खुशाल बसू द्या. मशीनने शेक घेतल्यावर अंगात रेडिएशन राहत नाही. थायरॉइडच्या आजारात आयोडीन-१३१ चा मोठा डोस पोटात देतात, त्या पेशंटना मात्र काही दिवस वेगळं ठेवतात.

रामकुंड_६२

आभारी आहे, ताई. तिला आत्ताच वाचून दाखवलं.

शरयू_गंगापूररोड

सगळ्यांचे किती आभार मानू. काल भाचीला आणि ताईला समोर बसवून हा धागा वाचला. दादांचे प्रश्न एकेक विचारले. बॅज आहे, रोज लावते. अ‍ॅप्रन आणि कॉलर आहे. चष्मा आहे, पण एकच आहे आणि तो डॉक्टर वापरतात. रिपोर्ट तिला आजवर कोणी दाखवलेला नाही, तिनेही मागितला नव्हता. सोमवारी ती दोन्ही लेखी मागणार आहे. ताई अजून पूर्ण निवळलेली नाही, पण "नोकरी सोड" बंद झालं आहे. आता "रिपोर्ट आणून दाखव" सुरू झालं आहे.

एक शेवटचं. रिपोर्ट हातात आल्यावर त्यात नेमकं काय बघायचं? आणि आकडा शून्य आला तर खूश व्हायचं की शंका घ्यायची?

पंचवटीकर

शंका घ्यायची.

सीआर्म_दादा

रोज आत उभ्या राहणाऱ्या मुलीचा आकडा प्रत्येक तिमाहीला शून्य येत असेल, तर बॅज खरंच अंगावर असतो का आणि बदलून तर जात नाही ना, ते बघायचं. अ‍ॅप्रनच्या आत लावल्यावर आकडा लहान येतो, ते ठीक आहे. एका तिमाहीत अचानक उडी दिसली तर त्या महिन्यांत काय वेगळं घडलं ते आठवायचं. लांबलेल्या केसेस, बिघडलेली काच, की बॅज चुकून मशीनच्या खोलीत राहिला. ड्यूटी संपल्यावर सगळे बॅज कंट्रोल बॅजबरोबर (कोणीही न लावता तुलनेसाठी ठेवलेला बॅज) बाहेर, रेडिएशनपासून लांब ठेवायचे असतात. प्रत्येक रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत घरच्या फाइलमध्ये ठेवायची. चष्म्याच्या अर्जावर पोच घ्यायला सांगा तिला. अर्जाचा नमुना हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे आहे.